नर्सिंगची नोकरी सांभाळून रेकी करायची असेल तर

मी नाशकात एका खासगी हॉस्पिटलच्या डायलिसिस युनिटला इन्चार्ज सिस्टर आहे. संध्याकाळी आणि ऑफच्या दिवशी इंदिरानगरला घरच्याच एका खोलीत रेकी, म्हणजे अंगावर हात ठेवून करायचं हीलिंग, देते. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून नुकत्या लागलेल्या मुली, फिजिओथेरपीवाले, मधूनच एखादे बीएएमएस (आयुर्वेदाचे) डॉक्टर मला विचारत असतात की ही दोन्ही कामं एकत्र जमतात कशी. जमतात. पण अट आहे, आणि ती एकतर्फी आहे. ड्यूटीवर तुम्ही फक्त सिस्टर, हीलर अजिबात नाही. घरी हीलिंग देताना मात्र सिस्टरपण काढून खुंटीला टांगता येत नाही. नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन शिफ्टपुरतं नसतं. छातीत दुखतंय म्हणणारा माणूस तुमच्या गादीवर येऊन आडवा झाला, तर तुम्हाला जे दिसतं ते शेजारच्या रेकीवाल्या काकूंना दिसत नाही. म्हणून तुमची जबाबदारी त्यांच्यापेक्षा जास्त. पुढचं सगळं या एका अटीतून निघतं.

आधी शिकायचं काय आणि कुणाकडे

रेकी जपानची. मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये ती सुरू केली. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी हे नौदलातले निवृत्त डॉक्टर होते आणि त्यांनी टोकियोत रेकीचा रीतसर दवाखाना चालवला. म्हणजे वैद्यकीय पेशा आणि हीलिंग एकत्र करणाऱ्या आपण काही पहिल्या नाही.

शिक्षक निवडताना सर्टिफिकेटांची भिंत बघू नका, तो औषधांबद्दल काय बोलतो ते ऐका. "गोळ्या हळूहळू सुटतील" असं जो पहिल्याच दिवशी सांगतो, त्याच्याकडून चप्पल घालून सरळ निघायचं. शनिवार-रविवारात पहिली, दुसरी आणि मास्टर अशा तिन्ही डिग्र्या उरकून देणाराही नको. पहिल्या डिग्रीनंतर २१ दिवस रोज स्वतःवर हात ठेवायला सांगतात, ते मनापासून करा. नाइट असेल तर घरी येऊन आधी झोप, मग साधना. रात्रभर जागून सकाळी ध्यानात डुलक्या काढण्यात कसलीही आध्यात्मिक प्रगती नाही, उलट दुसऱ्या रात्री औषध काढताना हात चुकतो.

नाशिककरांना इगतपुरी जवळ, त्यामुळे विपश्यना या ध्यानपद्धतीचाही विषय निघतोच. तिथल्या धम्मगिरी केंद्राचं शिबिर दहा दिवसांचं, पण पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस धरून बारा दिवसांची रजा लागते. ती मेट्रनकडे, म्हणजे मुख्य सिस्टरकडे, आधीच टाका, ऐनवेळी ड्यूटी चार्ट फिरवायला लावू नका. शिबिराची फी नसते, पूर्ण केल्यावर वाटलं तर दान द्यायचं. सातपूरला धम्म नासिका केंद्रही आहे. मात्र फॉर्मवर रेकी वगैरे करता का असं विचारतात. तिथे खरं लिहा, कारण त्या मंडळींना दोन्हींची सरमिसळ चालत नाही. मला त्यांचा हा परखडपणा आवडतो. आपल्याकडे एका माणसाच्या व्हिजिटिंग कार्डावर रेकी, प्राणिक हीलिंग, टॅरो, वास्तू आणि अंकशास्त्र असं सगळं असतं, तेव्हा त्यातलं त्याला नेमकं काय येतं कुणास ठाऊक.

मास्टर डिग्रीवर पैसे घालण्याआधी माझं ऐका आणि पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातल्या माणसाचा त्रास हलका करणारी काळजी, शिका. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा सर्टिफिकेट कोर्स डॉक्टर आणि नर्स दोघांनाही करता येतो. सिसिली साँडर्स या बाई आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांसाठीचं रुग्णालय, सुरू केलं. माणसाची वेदना शरीराची असते, तशी मनाची, घरादाराची आणि श्रद्धेचीही असते, आणि चारही बाजूंनी विचारपूस करायची असते, हे त्यांनी मांडलं. "आध्यात्मिक काळजी" हा शब्द नर्सिंगमध्ये त्यामुळे मानाने वापरता येतो. त्यासाठी ऑरा, म्हणजे माणसाभोवतीचं तेजोवलय, दिसावा लागत नाही.

हाताला जे जाणवतं त्याचं काय करायचं

डायलिसिसच्या पेशंटला हातात फिस्टुला केलेला असतो, म्हणजे रोहिणी आणि नीला ऑपरेशनने जोडलेली. सुई टाकण्याआधी त्यावर तीन बोटं ठेवायची. खाली सतत एक बारीक थरथर लागते, मांजर मांडीवर गुरगुरत बसावं तशी. आम्ही तिला थ्रिल म्हणतो. स्टेथो टेकवला तर घूं घूं असा आवाज येतो. थरथर कमी होऊन नुसते ठोके आपटायला लागले, तर पुढे कुठेतरी शीर अरुंद झाली आहे असं समजायचं. थरथर गेलीच, तर गुठळीची शंका घ्यायची आणि वाट न बघता डॉक्टरांना फोन लावायचा. नवीन मुलीला मी पहिले काही दिवस सुईला हातच लावू देत नाही, आधी प्रत्येक पेशंटच्या फिस्टुलावर बोटं ठेवून डोळे मिटून उभं राहायला लावते.

रेकी देताना माझे तळहात तापतात, कधी मुंग्या येतात. हे मला होतं, ते मी नाकारत नाही. पण दोन्हींत फरक आहे. थ्रिल मला लागली तशी दुपारच्या शिफ्टच्या सिस्टरलाही लागते, तंत्रज्ञाला लागते, डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीवर, दिसते. म्हणून ती चार्टवर लिहितात. ज्या जाणिवेची खात्री दुसरा हात करून देऊ शकत नाही, ती चार्टवर जात नाही आणि पेशंटला "तुमच्या किडनीजवळ ब्लॉकेज जाणवतंय" असं सांगितलंही जात नाही. डायलिसिसवरच्या माणसाला तसं सांगणं म्हणजे तर कमालच झाली!

या बाबतीत एक प्रयोग प्रत्येक हीलर नर्सला माहीत असायलाच हवा. अमेरिकेत १९७२ मध्ये डोलोरेस क्रीगर या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने डोरा कुंझ यांच्यासोबत थेरप्युटिक टच नावाची पद्धत सुरू केली. स्पर्श न करता, अंगापासून थोड्या अंतरावर हात फिरवायचा. हजारो नर्सेसनी ती उचलली. मग एमिली रोझा नावाच्या शाळकरी मुलीने २१ हीलर्सना पुठ्ठ्याच्या आडून दोन्ही हात बाहेर काढायला सांगितले, त्यांच्या एका हातावर आपला हात धरला आणि विचारलं, माझा हात कुठल्या बाजूला आहे? २८० वेळा विचारलं, १२३ वेळा उत्तर बरोबर आलं. म्हणजे ४४ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी उत्तरं बरोबर आली असती. हा निबंध १९९८ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यातही चिंता आणि नैराश्यावर रेकीचा उपयोग होतो की नाही हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही, असंच निघालं.

हे वाचून मी रेकी सोडली नाही. शांत खोलीत तासभर कुणीतरी आपल्याकडे पूर्ण लक्ष देऊन बसलंय, श्वास संथ होतोय, खांदे सैल पडतायत, याने माणसाला बरं वाटतं, आणि तेवढं मला पुरतं. पण मी देते ते "बरं वाटणं" आहे, "बरं करणं" नाही, आणि हे मी समोरच्याला पहिल्या भेटीतच सांगते. हे बोलताना तुमची जीभ अडखळत असेल, तर अजून लोकांना हीलिंग द्यायला बसू नका.

ड्यूटीवर साधना कुठे बसवायची

जागा खूप आहे, फक्त तिला नाव द्यायचं नाही. हात धुण्याची पद्धतशीर वेळ ४० ते ६० सेकंद आहे, हँडरब असेल तर २० ते ३० सेकंद. बहुतेक जणी ती दहा सेकंदांत गुंडाळतात. मी प्रत्येक पायरीला मनातल्या मनात रामनाम घेते. तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. नाम चालू असतं म्हणून घाई होत नाही आणि हात खरोखर स्वच्छ होतात. संसर्ग नियंत्रणाची तपासणी आली तरी काळजी नाही.

सुई टाकण्याआधी दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवायचे, एक लांब श्वास सोडायचा, हात गार असतील तर चोळायचे. "काका, आता हात लावते हं" असं म्हणून मगच हात लावायचा. फिस्टुलाची सुई जाड असते, आणि ती टोचून घ्यायला तो माणूस आठवड्यातून दोन-तीनदा येतो, वर्षानुवर्षं. त्याच्या दुसऱ्या खांद्यावर क्षणभर ठेवलेला हात हे नर्सिंगच आहे. त्याला रेकी म्हणायची गरज नाही. गुपचूप रेकी "पाठवायची" तर नाहीच. पेशंटने संमती डायलिसिसला दिली आहे, तुमच्या साधनेला नाही.

पेशंटची श्रद्धा मात्र तुमच्या कामाचा भाग आहे, आणि नाशकात ती दाराशीच उभी असते. तीर्थ, अंगारा, दोरे, नागबळी, सगळं युनिटमध्ये येतं. मी कशाचीही टिंगल करत नाही आणि कशापुढे मानही डोलावत नाही. त्यातून धोका कुठे आहे तेवढा काढून टाकते.

फिस्टुलाच्या हाताला दोरा, गंडा, कडं, घट्ट बांगडी, घड्याळ काहीही नको. त्या हाताचं बीपीसुद्धा घेत नाहीत. फिस्टुला बहुतेकांचा डाव्या हाताला असतो आणि बायकांना दोरा डाव्याच मनगटाला बांधतात, त्यामुळे गडावरून सप्तशृंगीचा दोरा आणलेल्या मावशी हमखास अडतात. "देवी उजव्या हातालाही ओळखते, नाहीतर गळ्यात घाला" म्हटलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. अंगारा कपाळाला लावा, कॅथेटरच्या (फिस्टुलाऐवजी मानेतल्या शिरेत घातलेल्या नळीच्या) ड्रेसिंगपाशी नको. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत दिवा-उदबत्ती नाही म्हणजे नाही. प्रसादाचे बेदाणे, केळं, नारळपाणी यांत पोटॅशियम भरपूर, आणि किडनीच्या पेशंटला ते सोसत नाही, तेव्हा प्रसाद कपाळाला लावून नातवाला द्यायचा. कुणा महाराजांनी दिलेला काढा किंवा भस्म पुडीसकट नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, दाखवायचं, मगच ठरवायचं.

आणि नागबळी. "सिस्टर, त्र्यंबकला नारायण नागबळी सांगितलाय, तीन दिवस लागतात. एक डायलिसिस चुकलं तर चालेल ना?" इथे "त्याने काय होणार आहे" असं म्हणणाऱ्या सिस्टरचा पेशंट तिला न सांगता जातो आणि रात्री धाप लागून कॅज्युअल्टीत येतो. मी कॅलेंडर काढते. सोमवार-गुरुवारचा पेशंट असेल तर गुरुवारी डायलिसिस, शुक्रवार ते रविवार पूजा, सोमवारी परत मशीनवर. आठवड्याला तीन असतील तर शेवटच्या दिवशीचं डायलिसिस उशिराच्या शिफ्टला बसतं का ते डॉक्टरांना विचारते, त्र्यंबक काही लांब नाही. मानेत कॅथेटर असेल तर तिथल्या कुशावर्त कुंडात डुबकी मारायची नाही, नुसतं मार्जन, म्हणजे अंगावर पाणी शिंपडणं, करून चालेल का ते गुरुजींना आधीच विचारून घ्यायचं. तीर्थाचा चमचाही दिवसाच्या ठरवून दिलेल्या पाण्यात मोजायचा. आपली पूजा सिस्टरने धरून आखली हे पेशंटला कळलं, की तो पुढच्या वेळी काहीही लपवत नाही. माझ्या मते रेकीच्या कुठल्याही डिग्रीपेक्षा ही मिळकत मोठी.

शेवटच्या घटकेला गंगाजल आणि तुळशीपत्र येतं. गिळता येत नसेल तर पाणी तोंडात ओतू द्यायचं नाही, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. कापसाचा बोळा भिजवून ओठांना लावू द्या. मालेगावहून आलेल्या पेशंटकडे ते पाणी मक्केच्या झमझम विहिरीचं असतं, पद्धत तीच. तिथे तुमचा देव, तुमची रेकी, रेकीची चिन्हं यांपैकी कशाचंही काम नाही.

कायदा माहीत असू द्या

रेकी आयुष मंत्रालयाच्या पद्धतींमध्ये येत नाही. योग येतो, आणि योगाची सरकारी परीक्षा योग सर्टिफिकेशन बोर्डाकडून देता येते. म्हणून नावामागे अधिकृत काही हवं असेल तर त्या वाटेने जा. रेकीचं सर्टिफिकेट कितीही सोनेरी असलं तरी नावापुढे "डॉ." लावायचं नाही.

जाहिरातीचा १९५४ चा कायदा बहुतेकींना माहीतच नसतो. त्याच्या परिशिष्टात ५४ आजारांची यादी आहे. मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब, फेफरं, मोतीबिंदू त्यात आहेत, ब्राइट्स डिसीज या जुन्या नावाने आमचा किडनीचा आजारही आहे. जादूच्या किंवा मंत्र-कवचाच्या उपायांनी हे बरे होतात अशी जाहिरात करता येत नाही, आणि जाहिरात म्हणजे छापील पत्रकच असं नाही, तोंडी घोषणाही त्यात धरतात. व्हॉट्सॲप स्टेटस टाकतानाही हे डोक्यात असू द्या. कार्डावर "विश्रांती, ताण, ध्यान" एवढेच शब्द ठेवा.

दुसरा आपला महाराष्ट्राचा, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर तो झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्र-तंत्र करणं, बोटांनी शस्त्रक्रिया करतो असा दावा करणं, गर्भाचं लिंग बदलून देतो म्हणणं हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. तुम्ही असलं काही करणार नाही, ठीक. पण तुमच्या ग्रुपमधले कुणी "कॅन्सरवर रेकी" शिबिर घेत असतील, तर त्यांच्या पत्रकावर "अनुभवी परिचारिका" म्हणून तुमचा फोटो जाऊ देऊ नका.

घरची खोली

पहिल्या भेटीत हात ठेवण्याआधी वही उघडायची. वय, आजार, चालू औषधं, ऑपरेशनं, गरोदरपण, पेसमेकर, शेवटचं डॉक्टरांना कधी दाखवलं. मानसिक उपचार चालू आहेत का हे नाजूकपणे, पण विचारायचंच. सही घ्यायची, खाली स्पष्ट लिहिलेलं असावं की हा वैद्यकीय उपचार नाही. मी कपाटात बीपीचं मशीन ठेवते. आकडा सांगते, जास्त असला तर डॉक्टरांकडे पाठवते, पण गोळी कमी-जास्त करण्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

काही लक्षणं दिसली की सेशन होत नाही. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, रक्ताची उलटी, काळी शी, अचानक दिसेनासं होणं. तिथे १०८ ला फोन. छातीतली गाठ, विनाकारण घटलेलं वजन, कॅथेटर असलेल्याला थंडी वाजून ताप, यांना त्याच दिवशी डॉक्टर. "आता जगण्यात अर्थ नाही" असं कुणी म्हणालं, तर ते ऐकून घेऊन हृदयचक्राबद्दल बोलायचं नाही. सरळ विचारायचं, जीव द्यायचे विचार येतात का? हो म्हणाले तर एकटं सोडायचं नाही, घरच्यांना बोलवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर खोलीत भिंतीवर लावून ठेवा.

"ताई, रेकी सुरू केल्यापासून इतकं छान वाटतंय, मी शुगरची गोळी बंद केली" हे वाक्य कधी ना कधी ऐकू येणारच. त्यावर खूश व्हायचं नाही आणि ओरडायचंही नाही. "गोळी ज्यांनी सुरू केली, बंदही तेच करतील. आज घरी गेल्यावर त्यांना फोन करा, त्यांनी सांगितली ती टेस्ट करा, आणि रिपोर्ट घेऊनच पुढच्या वेळी या." रिपोर्ट आणला नाही तर सेशन नाही. दोन-तीन जण रागावून जातील, जाऊ द्या.

स्पर्श विचारून करायचा. नको म्हटलं तर हात वितभर वर धरायचा. पुरुष क्लायंट असेल तर घरात दुसरं कुणीतरी असू द्या आणि दार लोटून घेऊ नका. बाईलाही सोबत कुणी हवं असेल तर बसू द्या.

पैशाचं थोडक्यात. फी ठरलेली, भिंतीवर लिहिलेली, एका वेळची एका वेळी. पंचवीस सेशनचं पॅकेज विकणं मला पटत नाही, कारण तिसऱ्या वेळी बरं वाटलं तर माणसाने यायचं थांबावं. हॉस्पिटलच्या पेशंटला घरी बोलवायचं नाही, फुकटसुद्धा नाही. जो माणूस तुमच्या सुईखाली हात ठेवतो, तो तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. मरणाच्या दारातल्या माणसाच्या नातेवाइकांकडून एक रुपया घेऊ नका.

नोकरीच्या ठिकाणी सांगायचं का? सांगायचंच, आणि तेही दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. सरकारी नोकरीत असाल तर १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम लागू होतात, पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यवसाय करता येत नाही. घरच्या खोलीत फी घेऊन रेकी देणं हाही व्यवसायच. खासगी हॉस्पिटलात असाल तर नेमणूकपत्र काढून बाहेरच्या कामाबद्दलचं कलम वाचा. अर्जात साधं लिहा: ड्यूटीच्या वेळेबाहेर, हॉस्पिटलच्या आवाराबाहेर, हॉस्पिटलचं नाव न वापरता, हॉस्पिटलचे पेशंट न घेता. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर एचआरचा आवक शिक्का मारून घ्या.